मोठ्या अक्षरांचं बायबल आणि काकीचा गोलमो

आमच्या पुस्तकांच्या टेम्पोमागे मांजरं लागली ती त्या ऑक्टोबरपासून. अजूनही आचऱ्याच्या नाक्यावर टेम्पो थांबला की दोन-तीन तरी येऊन चाकाशी बसतात आणि मी मासळीची पाटी घेऊन उतरणार अशा आशेने माझ्याकडे बघत राहतात. लोकांना वाटतं, बाईला मांजरांचा लळा दिसतो. कसला लळा! मांजर दिसलं की मला अजून घाम फुटतो.

माझं काम ख्रिस्ती पुस्तकं गावोगाव पोचवायचं. मालवणच्या अलीकडे दोन खोल्यांत आमच्या संस्थेचं गोदाम आहे आणि ते मी सांभाळते. पुण्याच्या ऑफिसातून खोकी येतात: बायबल, प्रार्थनेची पुस्तकं, संतांची चरित्रं, मुलांच्या रंगीत गोष्टी, आणि नाताळ जवळ आला की कॅलेंडरं. कॅलेंडरं हातोहात जातात. बाकीची पुस्तकं लोक हातात घेतात, चाळतात, 'छान आसा' म्हणतात आणि जागेवर ठेवून पलीकडे खाजं घ्यायला जातात. प्रत्येक फेस्ताला, म्हणजे चर्चच्या जत्रेला, आमची जागा ठरलेली, एका बाजूला खाज्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला फुगेवाला. पुण्याचे साहेब फोनवर विचारतात, "ताई, किती जीवनं बदलली?" काय सांगणार त्यांना? मी म्हणते, साहेब, नेटवर्क जातंय.

टेम्पो चालवायला भाऊ. हे कसालचे, घरी गणपती, गळ्यात तुळशीची माळ. पण खोकं उचलायच्या आधी त्याला हात लावून कपाळाला लावणार म्हणजे लावणार. मी एकदा म्हटलं, भाऊ, तुमचा काय संबंध? तर म्हणाले, "देव तो देव, ताई. आणि खोको जड आसा."

आता आचऱ्याच्या अंकलची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं त्यांच्यापायी झालं.

अंकलनी सगळी उमर जहाजावर कूक म्हणून काढली. दर्यावर पन्नास माणसांना जेवू घालणारा हा माणूस निवृत्त होऊन घरी आला आणि आंटीच्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसला. तिथून तो सूचना द्यायचा. तिरफळं आत्ता घाल. गॅस बारीक कर. वास बघ, खोबरं कच्चं राहिलंय. भांड्यावरचं झाकणसुद्धा न काढता, नुसत्या वासावर त्यांना मीठ कमी-जास्त कळायचं असं ते म्हणायचे, आणि आंटी म्हणायची ही शुद्ध थाप आहे. त्यांचं भांडण रस्त्यापर्यंत ऐकू यायचं. मी पुस्तकं घेऊन गेले की आंटी मला पंच करायची. चमच्यात सार आणून समोर धरायची, "सांग गो बाय, मीठ कमी आसा?" मी काहीही सांगितलं तरी दोघांपैकी एक जण माझ्यावर रुसायचा.

मग कोरोना आला. अंकल त्यातून वाचले, पण नाक गेलं. सगळ्यांचं गेलं तसंच त्यांचं गेलं, फक्त सगळ्यांचं महिन्या-दोन महिन्यांत परत आलं आणि यांचं आलंच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल कधीतरी, कदाचित येणारही नाही. नाकाबरोबर चव गेली. समोर सुरमईचं कालवण ठेवा नाहीतर भिजवलेला पुठ्ठा ठेवा, अंकलचं एकच, "माती." पुढे पुढे तेही म्हणेनासे झाले. दोन घास खायचे आणि ताट सारायचे. दरवाजातली खुर्ची ओटीवर गेली. हातभर रुंद छातीचा माणूस, त्याचा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला.

आंटी मला एकदा म्हणाली, "बाय, दोन वर्सां झाली, माझ्या जेवणाक कोण वायट बोलूक नाय." आणि ती हे सांगताना रडत होती. मला आधी हसू आलं आणि मग इतकं वाईट वाटलं की काय करावं सुचेना.

एक उपाय मात्र तिला सापडला होता. अंकलच्या हातात पुस्तक असलं की त्यांचं ताटाकडे लक्ष नसायचं, आणि लक्ष नसलं की जेवण आपोआप जायचं. डाव्या हातात संतचरित्र, उजवा हात भातात. संत जितका संकटात, तितके घास जास्त. "वाचूक लागले काय हात आपसूक ताटात जाता," आंटी म्हणायची. पुस्तक संपलं की जेवण बंद. मी दर आठवड्याला एक नेऊन द्यायची. माझ्या पुस्तकांनी कोणाचा आत्मा तरला की नाही ते वरचा जाणे, पण एका माणसाचं पोट चाललं होतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

झालं काय, अंकलनी अख्खं गोदाम संपवलं. मुलांच्या रंगीत गोष्टीसुद्धा. त्यात बारीक अक्षर आता दिसेना. आंटी गोदामात आली आणि म्हणाली, "मोठ्या अक्षरांचा बायबल मागय गो. जाडात जाड. सा म्हयने तरी जेवतले." मी पुण्याला फोन केला. साहेब म्हणाले, मोठ्या अक्षरांची आवृत्ती संपत आली आहे, एक प्रत आहे, पाठवतो. नवी छपाई कधी होईल सांगता येत नाही. मी म्हटलं, साहेब, आजच पाठवा, माणूस उपाशी आहे. साहेबांना वाटलं मी अध्यात्मातलं बोलते आहे. ते फार खूश झाले.

प्रत आली ती ओल्या खोक्यातून. वाटेत कुठेतरी पाऊस लागला असणार. पानं दमट होती, कोपरे वळले होते. आमच्याकडे अशा वेळी एकच औषध, ऊन. पावसाळ्यानंतर सगळं घरच आम्ही बाहेर काढतो, गाद्या, गोधड्या, लाकडी पाट, लग्नाचे फोटो. गोदामाचीही सगळी पुस्तकं दरवर्षी ऑक्टोबरच्या उन्हात खळ्यात पसरायची हा माझा नेम. खळं आमचं आणि शेजारच्या काकीचं सामाईक. अर्ध्या खळ्यात आमची ताडपत्री, अर्ध्यात काकीची. काकीच्या ताडपत्रीवर गोलमो. गोलमो म्हणजे सुका जवळा, अगदी बारीक, मिशा आणि डोळे सोडले तर त्यात दुसरं काही नसतं. काकी तो सुकवून बाजारात विकते. मध्ये वीतभर जागा सोडलेली. इतकी वर्षं ती वीतभर जागा पुरली होती.

त्या दिवशी टेम्पो भरून तयार होता, आम्हाला शिरोड्याकडच्या एका फेस्ताला निघायचं होतं. वाटलं, जाताजाता पुस्तकं आत घेऊ. तेवढ्यात ऑक्टोबरातला तो आगाऊ पाऊस आला. पूर्वेकडून आभाळ काळं झालं आणि काकी ओरडली, "पाऊस इलो गोऽऽ! धावा!" मी धावले, काकी धावली, भाऊ टेम्पोतून उडी मारून धावले. कोणी कुठलं टोक धरलं देव जाणे. भाऊंनी एका हातात आमच्या ताडपत्रीचं टोक घेतलं, दुसऱ्या हातात काकीच्या, आणि दोन्ही एकदम ओढल्या. एक मोठं गाठोडं झालं. ते तसंच गोदामात ढकललं, दार ओढलं, मी कुलूप लावलं आणि आम्ही तिघंही एकमेकांकडे बघून 'वाचलं बाबा' म्हणून हसलो. अहो, चांगले पोट धरून हसलो. भाऊंनी टेम्पो चालू केला आणि आम्ही शिरोड्याला गेलो.

फेस्त चांगलं दोन दिवस चाललं. फोन पर्समध्ये, पर्स टेम्पोत, आणि बाहेर बँड. काकीने किती वेळा फोन केला असेल! परत येताना बघितलं तर मोबाइल तिच्या नावानेच भरलेला. खळ्यात उतरले तर काकी कंबरेवर हात ठेवून गोदामाच्या दारासमोर उभी, आणि तिच्या मागे ओळीने मांजरं. "शिरा पडो तुझ्या कुलपार," ती म्हणाली, "माझो गोलमो आत रवलो!"

मी दार उघडलं.

काय सांगू तुम्हाला. बंद खोली, ऑक्टोबरचा उकाडा, पत्र्याचं छप्पर, आणि दोन दिवस एकत्र नांदलेले गोलमो आणि पुस्तकं. वास आमच्या अंगावर आला तेव्हा भाऊ दोन पावलं मागे सरले. मांजरं पुढे. गाठोडं सोडलं तर प्रत्येक पुस्तकात गोलमो. प्रार्थनेच्या पुस्तकात गोलमो, संतांच्या पायाशी गोलमो, कॅलेंडरच्या नळीत गोलमो. आणि सगळ्यात खाली, सगळ्यांचा भार अंगावर घेऊन, आचऱ्याच्या अंकलचं मोठ्या अक्षरांचं बायबल. मी उघडलं. जलप्रलयाच्या पानावर एक गोलमो आडवा पडून माझ्याकडे बघत होता.

मी भाऊंवर ओरडले. भाऊ म्हणाले, "ताई, कुलूप तुमी लावलात." मी काकीवर ओरडले. काकी त्याहून मोठ्याने ओरडली, कारण तिचंही नुकसान झालं होतं. तिने मूठभर गोलमो माझ्या नाकासमोर धरला, "हुंग! हुंग मेल्या! माझ्या गोलम्याक पुस्तकाचो वास येता! गिऱ्हाइकाक काय सांगू?" रागाच्या भरात ती मला, बाईमाणसाला, मेल्या म्हणाली, एरवी ती माझ्याशी फार मायेने बोलते. मी हुंगलं. खरंच शाईचा वास येत होता.

नंतरचे आठ-दहा दिवस आम्ही पुस्तकांचा वास काढण्यात घालवले. कापूर ठेवला. कॉफी पावडर ठेवली, कोणीतरी सांगितलं म्हणून. भाऊंनी घरून आणून उदबत्त्या लावल्या, अर्धा पुडा. शेवटी साहेबांना फोन केला, ते म्हणाले, "थोडा परफ्यूम मारून बघा ना." मारला. गोलम्याला मोगऱ्याचा वास यायला लागला, पुस्तकांना दोन्हींचा. रविवारी चर्चबाहेर टेबल मांडलं तर एका बाईने प्रार्थनेचं पुस्तक उघडलं, नाक मुरडलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "बाय, ह्या पुस्तकावांगडा सोलां फुकट आसत काय?" सोलां म्हणजे आमसुलं, गोलम्याच्या जोडीची. अख्खी रांग हसली. फादरसुद्धा दाराआड तोंड फिरवून हसले, मी बघितलं.

बाकीच्या पुस्तकांचं मला एवढं काही नव्हतं. ऊन खाऊन खाऊन ती कधीतरी सुधारली असती. जीव अडकला होता तो मोठ्या अक्षरांच्या बायबलात. तेच सगळ्यात जाड, त्यानेच सगळ्यात जास्त वास पिऊन घेतला होता. दुसरी प्रत मिळणार नव्हती. आणि आंटीचा रोज फोन. "इला काय गो? कालपासून च्या पिऊन आसत. नुसती च्या." मी थापा मारत होते, आज येईल, उद्या येईल. देवाच्या पुस्तकापायी थापा! शेवटी मला राहवेना आणि मी तिला सगळं सांगून टाकलं. पाऊस, गाठोडं, कुलूप, मोगरा, सगळं.

आंटी म्हणाली, "एवढ्याच ना? मगे तेंका खंय वास येता? दी हाडून."

मी म्हटलं, आंटी, असं कसं आणून देऊ, पवित्र ग्रंथ आहे, मला लाज वाटते. ती भडकली. "तुझी लाज तुज्याकडे ठेव. माझो घोव उपाशी आसा. माझा नाक मी धरतंय."

तर आम्ही निघालो. बायबल तीन पिशव्यांत गुंडाळून मी मांडीवर घेतलं, भाऊंनी दोन्ही बाजूंच्या काचा खाली केल्या. आचऱ्यात उतरलो तर मांजरं हजर. अंकल ओटीवर खुर्चीत बसले होते. मला बघून त्यांनी मान हलवली, तेवढंच. गालाची हाडं वर आली होती. आंटीने ताट आणून त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवलं, भात, डाळ, तळलेला बांगडा. त्यांनी बघितलंही नाही. आंटीने मला डोळ्याने खुणावलं, दे लवकर.

मी पिशव्या सोडल्या, श्वास रोखून. आंटीने पदर नाकाला लावला. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि पटकन दोन पावलं मागे झाले. अंकलनी ते मांडीवर घेतलं, वजन बघितलं. बरं वाटलं असावं. सुरुवातीची काही पानं उलटली. अक्षरं बघायला म्हणून पुस्तक डोळ्यांजवळ नेलं आणि तसेच थांबले.

"गो," ते म्हणाले, "गोलमो कोण भाजता?"

आंटी म्हणाली, "कोण नाय. हे काय बोलतत?" आणि मग तिच्या हातातून पदर सुटला.

"कोणतरी भाजता. माका वास येता."

अंकलनी मान शेजाऱ्यांच्या घराकडे वळवली, हवेत नाक फिरवलं. काही नाही. परत पुस्तकाकडे आले. पुस्तक वर उचललं, पानात नाक खुपसलं आणि असा काही लांब श्वास घेतला की मला वाटलं, जलप्रलय आत ओढतात की काय.

"आवशीचो घोव!" अंकल ओरडले. पवित्र ग्रंथ हातात, चर्चचा मी पाठवलेला क्रूस मागच्या भिंतीवर, आणि हा माणूस दर्यावरची शिवी देत होता. "ह्या पुस्तकाक गोलम्याचो वास येता!"

आंटी घरात धावली. जे मिळेल ते घेऊन आली, खोबरेल तेलाची बाटली, तिरफळं, कॉफीचा डबा, फिनेलसुद्धा. एकेक त्यांच्या नाकाखाली धरत होती आणि "ह्येचो? ह्येचो येता?" विचारत होती. कशाचाच येत नव्हता. परत बायबल. "येता!" परत कॉफी. "नाय." मोगऱ्याचाही नाही, एवढा महाग परफ्यूम. जगातला फक्त एक वास परत आला होता, आणि तो काकीचा गोलमो. अंकल लहान पोरासारखे चिडले होते आणि हसतही होते. "दोन वर्सांनी इलो, तो गोलमो? सुरमय मेली?"

मग ते म्हणाले, "किसमूर कर."

किसमूर म्हणजे भाजलेला गोलमो, कांदा, ओलं खोबरं आणि सोलं. आंटीने कपाळावर हात मारला. घरात गोलमो नव्हता. ज्याच्यासाठी करायची त्यालाच कळेना, म्हणून दोन वर्षं तिने आणलाच नव्हता. आम्ही तिघांनी बायबल धरून झाडलं. तीन-चार गोलमे पडले, ते मांजरांनी नेले. शेवटी भाऊ टेम्पो घेऊन आमच्या खळ्यात गेले आणि काकीकडून शेरभर गोलमो घेऊन आले. तोच, पुस्तकाचा वास लागलेला. काकीने विचारलं होतं म्हणे, "कोण खाता ह्यो?" आणि भाऊंनी काय सांगितलं असेल ते असो, काकीने वरून मूठभर जास्त घातला.

आंटी गोलमो भाजायला बसली. मी मदतीला आत गेले, पण मला हात लावू देईना. एका हाताने तवा हलवत होती, दुसऱ्याने डोळे पुसत होती, आणि मध्येच खिडकीतून बाहेर ओटीकडे बघत होती. मी म्हटलं, आंटी, तवा. ती म्हणाली, हां हां. आणि परत खिडकीतून बघत राहिली.

बाहेरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. अंकल खुर्ची घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. ठेवली आणि बसले.

"गो," ते म्हणाले, "करपलो."

आंटीने तवा हलवायचा सोडून मागे वळून बघितलं.

"करपलो म्हणतंय! वास येता! गॅस बारीक कर, किती वर्सां सांगतंय?"

"करपूक नाय!" आंटी ओरडली. तिचा आवाज चिरकला, गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ओरडत होती. "माझो गोलमो करपूक नाय! एवढा कळता तर मगे तुमीच करा!"

"सर मगे बाजूक!"

"सरतंय! घ्या तवो! घ्या!"

भांडण रस्त्यापर्यंत ऐकू जात होतं. मी बाहेर येऊन भाऊंना म्हटलं, चला. निघताना ओटीवर बघितलं, स्टुलावर ताट होतं आणि त्याच्या बाजूला मोठ्या अक्षरांचं बायबल, बंद. आत आंटी मला हाका मारत होती, चमच्यात किसमूर घेऊन, "बाय! हयसर ये! सांग गो, करपलो काय?"

करपला होता. मी तिला सांगितलं, नाही. अंकल माझ्यावर रुसले.